उजवी टाच

"नुसतं चोपडू नका, जिरवा," लालासाहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं. उजव्या टाचेला लाल झाकणाच्या डबीतलं मलम, डाव्या टाचेला पांढऱ्या झाकणाच्या. समोरच्या बावीस बायांनी माना हलवल्या. यांच्या डोक्यात काय कप्पाळ शिरणार, असं साहेबांच्या मनात आलं.

लालासाहेब रहिमतपूरचे, बीएस्सी झालेले, सांगलीतल्या एका मलमाच्या कारखान्यात कामाला. आवळ्याच्या ज्या सत्त्वानं तेल खवट होत नाही, तेच कातडीत जिरलं तर भेगा भरतील, हा त्यांचा शोध. लाल झाकणाखाली ते सत्त्व घातलेलं मलम, पांढऱ्याखाली नुसतं मेण नि तेल. डब्या मालकांनी स्वतः भरून दिल्या आणि बजावलं, महिन्यात फरक दिसला तर प्रयोगशाळा तुमची, नाहीतर दुसरी नोकरी बघा. म्हणून तर त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात हा गडी आटपाडीकडच्या माळावर, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या टाचा बघत बसला होता.

त्या बायांत हरणाबाई होती, मेंढरांमागं उभा जन्म काढलेली. राळ नि तूप कढवून ती भेगांचा लेप करायची. तिनं वाटी पुढं केली, तर साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"म्हातारे, तुझी ही घाण लांब ठेव. डाव्या तशाच राहून या उजव्या टाचा माझ्या मलमानं भरल्या नाहीत तर माझी नोकरी जाईल."

हरणाबाईनं वाटी पदराखाली घेतली.

महिन्यानं लालासाहेब परत आले. उजव्या टाचा भरून मऊ झालेल्या, डाव्या तशाच तडकलेल्या. बावीसच्या बावीस! आनंदानं त्यांना उभं राहवेना की बसवेना. वहीत नोंदी करून ते एस्टीकडं निघाले, तेव्हा हरणाबाई मागून आली आणि हळू आवाजात बोलली.

"सायेब, तुमचं औषीद पंधरा दिस लावलं. काय बी फरक न्हाई. मग उजव्या टाचंला माझाच लेप लावला समद्यांनी. आमच्यापायी कुणाच्या पोटावर पाय नगं."

लालासाहेबांच्या कानशिलांत जाळ झाला. या मेंढक्या बायांनी आपली कीव करावी? आपली? तोंडातून अवाक्षर काढशील तर बघ, एवढं तिला दरडावून ते गाडीत चढले. विट्यापर्यंत राग राहिला, मग ओसरला. या अडाण्यांना विचारायला कोण जातंय? पुढच्या प्रवासात मांडीवर वही ठेवून त्यांनी अहवाल पुरा केला.

सांगलीत मालकांनी अहवाल दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. बायांनी दुसरं काही लावलं नव्हतं ना, एवढंच त्यांनी विचारलं.

"छे! मी जातीनं लक्ष ठेवलं. आपल्या मलमाशिवाय त्या टाचांना बोटभरसुद्धा दुसरं काही लागलेलं नाही. लिहून देतो."

"द्या," मालक म्हणाले. लालासाहेबांनी तसं लिहून खाली ऐटीत सही ठोकली.

मालकांनी कागद ओढून घेतला, घडी घालून खिशात ठेवला.

"लालासाहेब, दोन्ही झाकणांखाली मी नुसतं मेण नि तेलच भरलं होतं."