कानालिक

"रडू द्या तिला, डॉक्टर. भाऊ माझा गेला, पण संसार तिचा होता," असं म्हणत लुत्सिनाने भावजयीच्या हातात सकाळपासूनचा पाचवा रुमाल कोंबला.

गेनोवेफाने तो तिच्याच मांडीवर परत फेकला. "मी रडत नाहीये! किती वेळा सांगू?"

नवऱ्याला, झेनोनला, पुरून तीन महिने झाले होते. गेनोवेफाचा डावा डोळा गळत होता आणि पोझनान शहरात जो भेटेल तो तिच्या खांद्यावर हात ठेवत होता. बेकरीवाली पावाबरोबर उसासाही बांधून द्यायची. खरं तर डोळा झेनोनच्या देखतच गळायला लागला होता. कांदे चिरतेस की काय, म्हणून तो हसायचाही. पण हे ऐकून घ्यायला सवड होती कुणाला?

डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली. "कानालिक तुंबलाय. डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी बारीक नळी असते ना, ती."

"कानालिक!" गेनोवेफा उसळली. "कानाल म्हणजे कालवा, आणि हे त्या कालव्याचं पिल्लू! एवढ्याशा पिल्लापायी अख्ख्या गल्लीने माझा जीव नकोसा केलाय. कागदावर लिहून द्या डॉक्टर, शिक्क्यासकट. जिन्यात चिकटवते."

डॉक्टरीणबाई हसल्या. बोथट सुईने त्यांनी नळीत खारं पाणी सोडलं. "घशात खारट लागलं?"

"लागलं."

"मग झाला मोकळा."

ट्रामच्या थांब्यावर बोचरा वारा होता. लुत्सिना वाकवाकून तिच्या डोळ्याकडे पाहत होती. डोळा कोरडा ठणठणीत.

"म्हणजे तू खरंच रडत नव्हतीस?"

"तेच तर बोंबलून सांगतेय!"

"एकदाही नाही?"

"नाही येत मला रडू. काय करू?" गेनोवेफाचा आवाज चढला. "सुटले आता त्या रुमालांतून!"

लुत्सिना बाकावर बसली. पर्स उघडली, पुन्हा मिटली.

"मला वाटलं, तू आपल्या दोघींचं रडून घेतेयस," ती म्हणाली. "म्हणून मी आपली रुमाल धूत राहिले."

आणि तोंडावर हात दाबून ती हमसून हमसून रडू लागली. माणसं वळून बघायला लागली.

ट्राम आली, दारं उघडली. गेनोवेफाने चालकाला हातानेच खूण केली, तुम्ही व्हा पुढे. मग ती नणंदेला अगदी खेटून बसली.