श्वास घ्यायची जागा

शेवटची तीन वर्षं आईला गाताना दम पुरायचा नाही. ओळ अर्ध्यावर सोडायची, श्वास गोळा करायची आणि मग पुढचे शब्द उचलायची. लोक डोळे मिटून वाहवा करायचे. घरी आल्यावर ती मात्र तोंड पाडून बसायची. "आज पुन्हा ओळ तुटली गं," एवढंच म्हणायची.

आता तिच्या पट्टशिष्येचा मोठा क्लास आहे, आणि तिथे सहजासहजी प्रवेश मिळत नाही. माझी लेक चाचणीला गेली. आजीने लहानपणी शिकवलेली बंदिश तिने गायली, प्रत्येक ओळ एका दमात.

"इथे मध्ये थांबायचं असतं, बाळा. तीच तर तुझ्या आजीची गायकी," असं सांगून शिष्येने तिला पुढच्या वर्षी यायला सांगितलं.

मला काही राहवेना. आईचं ऐन उमेदीतलं रेकॉर्डिंग घेऊन मी तिच्यापुढे जाऊन बसले. त्यात एकही ओळ तुटत नव्हती. तिने शेवटपर्यंत मन लावून ऐकलं. मग गुरूची आठवण म्हणून कानाच्या पाळीला हात लावला आणि म्हणाली,

"तेव्हा बाई अजून कच्च्या होत्या गं."