मेघवीरचं शेवटचं पान

एकोणनव्वद साली जुन्या जालन्यात, कापडदुकानांच्या बोळात, बिरू भाड्याने कॉमिक्स द्यायचा. एकट्या मेघवीरचेच एकशेबारा अंक. कन्याशाळेत नव्याने आलेल्या बाईंनी विचारलं, "यातले भारी कोणते?"

"एकतीस नंबर न्या, बाई. त्यात मेघवीर ढगातच झोपून जातो."

दोन दिवसांनी बाई परत आल्या. "याला शेवटचं पानच न्हाई. मंग उठतो का तो?"

शेवट बिरूला पाठ होता. मेघवीर एकटाच आभाळात निघून जातो, प्रत्येक अंकात तसाच. पण बाई वाट पाहत उभ्या होत्या.

"उठतो ना. मोती तलावावर उतरतो, पाय धुतो."

मग सत्तावन्न नंबर. त्यालाही शेवटचं पान नव्हतं. त्यात, बिरूने सांगितलं, मेघवीर पाठीवरचं ओलं लाल कापड समोरच्या दुकानाच्या दोरीवर वाळत घालतो. अठ्ठ्याऐंशी नंबरात तो रस्ता चुकून या बोळात येतो आणि चहा मागतो.

"चहा पिऊन जातो मंग वर?"

"बिलकुल न्हाई. चहा लई गरम असतो, बाई."

एप्रिलमध्ये बाईंनी बदलीचा कागद कॉमिक्सवर ठेवला. खालचा भाग फाडलेला होता. घडी घालून, नखाने दाबून, सरळ. तिन्ही अंकांतली शेवटची पानं अशीच फाडलेली होती. बिरू कागदाकडे पाहत राहिला, मग बाईंकडे.

"यालाबी शेवट न्हाई," बाई म्हणाल्या. "मंग काय होतं, सांगा की."