नागपूरहून निघालेलं हृदय

"काढल्यापासून चार तासांत हृदय बसवायला हवं," पुण्यातले डॉक्टर उत्तमरावांना म्हणाले. लेकीसाठी हृदय मिळालं होतं, पण नागपुरात. त्यांनी वीस वर्षं एसटी चालवली होती. त्यांच्या लेखी नागपूर म्हणजे चौदा तासांची वाट.

"अहो काका, विमानाला सव्वा तास पुरतो," नर्स म्हणाली.

तरी त्यांची बायको शैला दारापाशीच उभी राहिली. दुपारी माणसं निळी पेटी घेऊन धावत आत गेली. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. "नवं हृदय छान चाललंय. मुलगी वाचली."

उत्तमरावांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. शैलानं आधी नागपूरच्या त्या अनोळखी घराला हात जोडले. मग दोन दिवसांत पहिल्यांदाच म्हणाली, "अहो, मला भूक लागलीय."