तीन पाकळ्यांचा तुरा

फुलानं माहेराहून टोपलीत आणलेल्या कोंबड्यांची जात आज सरकारी नोंदीत चढणार होती. "तीन पाकळ्यांचा तुरा, हीच खूण," गुरांचे डॉक्टर आधीच बजावून गेले होते. म्हणून तिनं वेगळ्या तुऱ्याचे नर माना मुरगाळून रश्श्यात घातले, एकच राखला. जीप अंगणात आली तेव्हा तो नवऱ्याच्या, धाकलूच्या काखेत होता. डोकं सपाट, चोचीवरून रक्त ठिबकत होतं. "झुंजीला सजवतात तसा सजवलाय, सायब," धाकलू फुशारकीनं म्हणाला. "तुरा छाटला की कोंबडा मर्द दिसतो." डॉक्टरांनी मोजपट्टी खिशात घातली. "तुऱ्याशिवाय जात कशी लिहू?" जीप कुंभारवाड्याच्या वळणाआड गेली. फुलानं चुलीपुढच्या राखेत पडलेला तुरा उचलला. अजून गरम होता. तो पदरात बांधून तिनं उंबऱ्यावरचा कोयता घेतला. 'अवो'शिवाय कधी नवऱ्याला हाक न मारलेली फुला म्हणाली, "ये इकडं. तुलाबी मर्द करते."