व्हर्नेलचा तवा

"यात शिजवलंत तुम्ही!"

रोझेटानं खिळ्यावरचा तवा काढून खिडकीच्या उजेडात धरला होता. जाड बिडाचा, दांड्याचा, काळाकुळकुळीत तवा. तिच्या आईचा, व्हर्नेलचा. "खोटं बोलू नका, मिस यूला. मला दिसतंय."

यूला ओट्यापाशी भेंडी चिरत होती. चर्चमधून येऊन तिनं नुकतीच टोपी उतरवली होती, रविवारचे चांगले कपडे अजून अंगावरच होते. तिनं सुरी खाली ठेवली आणि एप्रनला हात पुसले. टेबलाशी बसलेल्या इझेलनं, म्हणजे रोझेटाच्या वडिलांनी, वर्तमानपत्र आणखी उंच धरलं.

व्हर्नेल जाऊन तीन वर्षं झाली होती. चर्चच्या गायनमंडळातल्या विधवा यूलाशी इझेलनं लग्न केलं, त्याला वर्ष झालं होतं. रोझेटा तिला आई न म्हणता, तिकडच्या रीतीनं मान देऊन 'मिस यूला' म्हणायची. लग्नाच्या दिवशी, केक कापायच्याही आधी, रोझेटा यूलाला याच स्वयंपाकघरात घेऊन आली होती आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली होती, "आईचा तवा इथंच राहील. यात कुणी काही शिजवायचं नाही." यूलानं मान डोलावली होती. खरं तर मक्याचा ब्रेड ओव्हनमध्ये, तापलेल्या बिडाच्या तव्यातच भाजतात, पण तेव्हापासून यूला तो ॲल्युमिनियमच्या एका पातळ ट्रेमध्ये भाजायची. तसला ब्रेड आल्बामात पाहुण्यापुढं ठेवायचीही लाज वाटते. वरून पिवळा, खालून पांढराफटक, आणि कुरकुरीत कडेचं नावच नाही. इझेल तो मुकाट्यानं ताकात कुस्करून खायचा.

लग्नानंतर आज पहिल्यांदाच रोझेटा बर्मिंगहॅमहून आली होती, ती तवा न्यायलाच. सोबत जाड पिशवी आणि गुंडाळायला टॉवेलही आणला होता. यूलावर तिचा विश्वास नव्हता, आणि आता तर पुरावाच हातात होता.

"बिडाचा तवा मला नका शिकवू," ती म्हणाली. "या दमट हवेत महिनाभर नुसता टांगून ठेवला तर लाल होतो. हा तर चमकतोय. वापरल्याशिवाय?"

"पोरी, आधी बस तरी," इझेल म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका, बाबा. तुम्हाला चांगलंचुंगलं खायला मिळालं की झालं."

"मला? चांगलंचुंगलं?" इझेलनं वर्तमानपत्र खाली टाकलं. "अगं, वर्षभर मी जो ब्रेड खातोय ना, त्यातला एक तुकडा तोंडात घाल आणि मग आरोप कर!"

यूलानं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग रोझेटाकडे वळली.

"यात मी शिजवलं नाही, बाळा. दर शनिवारी हे न्हाव्याच्या दुकानात गप्पा हाणायला जातात. तेव्हा मी तवा काढते, चरबीचं बोट फिरवते, कोरडा पुसते आणि ओव्हनमध्ये पालथा घालते. निवला की परत खिळ्यावर. पहिल्या वेळी मात्र मीठ घेऊन घासावा लागला. कडेनं बराच गंज चढला होता."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणीच नाही. तू म्हणालीस, यात शिजवू नका. गंजू द्या, असं काही म्हणाली नव्हतीस."

रोझेटा खुर्चीत बसली. तवा तिच्या मांडीवर होता. त्या गंजाची ओळख यूलाच्या आधी तिला होती. आई गेल्यावर, यूला या घरात येईपर्यंत, ती जेव्हा जेव्हा इथं यायची, तेव्हा तेव्हा तो तिला दिसायचा, दर वेळी जरा वाढलेला. काढावा, घासावा, असं मनात यायचं, पण हात वर जायचा नाही. आपण घासला तर आई आता घासणार नाही हे कबूल करावं लागलं असतं. तिनं तव्याला जीव लावला होता आणि तोच तवा गंजू दिला होता. वर दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून पहाराही ठेवला होता. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"शनिवारी घरात धुरकट वास यायचा खरा," इझेल हळूच म्हणाला. "मला वाटायचं, माझं नाकच म्हातारं झालं."

रोझेटा रडता रडता हसली. डोळे पुसून ती यूलाकडे वळली. मग तिनं विचारलं, "पण तुमचा स्वतःचा तवा कुठंय, मिस यूला? इतकी वर्षं संसार केलात. तुमच्याकडे नसेल असं कसं होईल?"

यूलानं पुन्हा भेंडी चिरायला घेतली होती.

"होता की. माझ्या आईचाच. लग्नाच्या आदल्या दिवशी सुनेला देऊन टाकला. म्हटलं, जातेय त्या घरात एक आहेच."

हे ती अगदी सहज बोलली. त्यात कुरकुर नव्हती, टोमणा तर नव्हताच. इझेललाही हे आजवर ठाऊक नव्हतं. ट्रेमधल्या ब्रेडवरून आपण मारलेला टोमणा आता त्यालाच बोचला.

रोझेटा उठली. पिशवीची घडी करून तिनं ती पर्समध्ये कोंबली. शेगडीजवळच्या डब्यातली चमचाभर चरबी तव्यात टाकली, ओव्हन पेटवला आणि तवा आत सरकवला.

"बाबा, फ्रीजमधून ताक काढा," ती म्हणाली. "मिस यूला, मक्याचं पीठ कालवा. तुमचा तवा तापत ठेवलाय."