जगदेवरावांची बीडी

"बीडी पिता?"

दातांचे डॉक्टर महिपतराव यांनी रमाकांतचा खालचा ओठ चिमटीत धरून विचारलं. रमाकांतने जमेल तशी नकारार्थी मान हलवली.

"तंबाखू? मिश्री?"

पुन्हा मान हलली. डॉक्टरांनी ओठ सोडला. "मग या हिरड्या तुमच्या नाहीत, बीडी पिणाऱ्याच्या आहेत. सुजल्यात, दातांना सोडून चालल्यात. असंच चाललं तर होळीपर्यंत पुढचे चार दात माझ्या बशीत येतील."

"देवाशपथ डॉक्टरसाहेब, आजवर एक झुरका नाही!"

"तुम्ही पीत नसाल. पण कोणीतरी तुमच्याजवळ बसून पितंय. पुस्तकात नाही सापडायचं हे, पण तीस वर्षं मी लोकांची तोंडं बघतोय. दुसऱ्याचा धूरही हिरड्या खातो. घरी कोण कोण?"

"मी आणि बायको. तिला तर बीडीचा वाससुद्धा सोसत नाही."

"मग कचेरीत बघा."

कचेरीत वेगळं बघायची गरजच नव्हती. समोरच्या टेबलावर हेडक्लार्क जगदेवराव बसत. पणजोबा तोफखान्यात होते, आणि त्यांच्या तोफा पणतूच्या नाकातून अजून धडाडत. एक बीडी विझायच्या आत दुसरी पेटे. माणूस मात्र सोन्यासारखा, त्यामुळे त्यांना बोलायची सोय नव्हती.

रमाकांत सराफ्यातल्या दवाखान्यातून घरी निघाला तेव्हा त्याला खरंच रडू येत होतं. वय बेचाळीस. थंडी तोंडावर आलेली. चार दिवसांत टोपी बाजारात तीळगुळाची कडक गजक कुटायला बसतील, आणि हा बोळक्याने भाताची पेज ओरपणार!

दाणा ओळीतल्या घराचं दार उघडायला शरयूला नेहमीप्रमाणे जरा वेळ लागला. वेलदोडा चघळत ती आली आणि उंबरठ्यावरच तिने नाकाला पदर लावला.

"आले जगदेवरावांचा धूर घेऊन! काढा तो कोट."

रमाकांतने ओशाळून कोट दिला. बिचारी रोज सोसते, असं त्याला वाटलं. बायकोने कोट खुंटीवर टांगला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या.

जेवताना त्याने डॉक्टरांचं सांगितलं, आणि मनातला बेतही. नोव्हेंबरात मध्य भारत राज्य मोडून नवं राज्य होणार होतं, राजधानी भोपाळ. अर्धी कचेरी तिकडे जायची होती. जगदेवरावांना गळ घालून भोपाळला धाडायचं.

शरयूचा घास हातातच राहिला. "काही नको हं! भल्या माणसाला गावातून उठवायचं? भोपाळला कोण आहे त्यांचं?"

किती मऊ मन हिचं, म्हणून रमाकांतला कौतुक वाटलं. पण बेत काही त्याने सोडला नाही. पाच दिवस तो जगदेवरावांपुढे भोपाळचे गोडवे गात राहिला. काय तो तलाव, काय ती हवा! भोपाळ त्याने स्टेशनापुरतंसुद्धा पाहिलं नव्हतं. सहाव्या दिवशी जगदेवराव विरघळले आणि त्यांनी यादीत नाव दिलं. शरयूला हे कळू द्यायचं नाही, असं रमाकांतने ठरवलं.

भाऊबीजेला शरयूचा भाऊ तिला झाशीला घेऊन गेला. त्याच आठवड्यात जगदेवराव भोपाळच्या गाडीत बसले. रमाकांतने त्यांना हार घातला, डोळे पुसले, आणि गाडी हलताच छाती भरून श्वास घेतला.

मग पंधरा दिवस तो एकटाच होता. करपलेली खिचडी खाल्ली, एकच काडेपेटी पुरवून पुरवून वापरली, कोट दोनदा धोब्याकडे धाडला. सोळाव्या दिवशी कचेरी सुटल्यावर महिपतरावांनी हिरडी दाबून पाहिली. पुन्हा दाबली.

"कमाल आहे! सूज उतरली. रक्तही नाही. धूर गेला वाटतं?"

"भोपाळला गेला!" रमाकांत म्हणाला आणि दोघं पोट धरून हसले.

"आता असाच जपा. दात तुमचे तुमच्याजवळच राहतील."

टोपी बाजारात त्याने अर्धा शेर गजक घेतली. एक तुकडा तिथंच दाताखाली घेऊन कडकन मोडला. हलवायाने वळून बघितलं, तरी त्याला लाज वाटली नाही. शरयू दुपारच्याच गाडीने परतली असणार. गजक पुढ्यात ठेवायची आणि मगच सगळं सांगायचं. रागावेल थोडी, पण हे दात बघून हसेलच. वाटेत त्याने कोटाची बाही हुंगली. नुसता साबणाचा वास होता.

त्याने कडी वाजवली. दार उघडायला जरा वेळ लागला.

शरयू आली. तोंडात वेलदोडा होता. गजकेचा पुडा पाठीमागे लपवून रमाकांत सगळे दात दाखवत हसला.

"अगं, एक खुशखबर आहे..."

"ती मागून सांगा!" नाकाला पदर लावत शरयू म्हणाली. "आज तर हद्दच केली तुमच्या जगदेवरावांनी. आधी तो कोट काढा बघू, सगळं घर बीडीच्या वासानं भरलं!"